खोली क्रमांक दोन

सप्टेंबरात एकवीस दप्तरं आली.
खाली पाय दिसले म्हणून कळलं, मुलंही आलीत.
सरोवर तेव्हा निळं होतं, बंदरात लोहखनिजाची जहाजं,
आणि फिलोमिना दारातच बसून राहिली
आईच्या गाडीचा आवाज वळणाआड विरेपर्यंत,
आणि विरल्यावरही.

क्रूसाची खूण शिकवली : कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा.
मी समोर उभी, ती माझा आरसा;
दोन आठवडे अख्खा वर्ग उलट्या हातानं देवाकडे जात होता.
मग मी पाठमोरी उभी राहू लागले.

संत फ्रान्सिसच्या सणाला प्राण्यांना आशीर्वाद.
कुत्री आली, एक लंगडी बकरी आली,
पाकू वांगनं आणला बरणीतला कोळी.
फादर राइनहोल्डनी चष्मा सारखा केला,
पवित्र पाणी शिंपडलं झाकणावरच.
"आत पोचलं का?"
"पोचतं," म्हणाले, आणि लगबगीनं सशाकडे वळले.

नोव्हेंबरात उशांच्या अभ्र्यांचे झगे घालून सगळे संत झाले.
एक संत दुसऱ्याला चावला. नाव सांगत नाही.

डिसेंबरात संत निकोलससाठी दाराबाहेर बूट.
ऑगीनं आणला बापाचा खाणीतला, तेरा नंबरचा.
हिशेबी पोर.
संत्रं एकच मिळालं, पार अंगठ्याशी जाऊन बसलेलं;
खांद्यापर्यंत हात आत, कान चामड्याला टेकलेला,
जणू आतून कुणी काही सांगत होतं.

जानेवारी म्हणजे बेचाळीस हातमोजे,
त्यातले एकोणचाळीस सापडतात.

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी
आम्ही 'आलेलुया' पुरला.
रीत आहे : उपवासाच्या काळात तो शब्द तोंडातून काढायचा नाही,
ईस्टरला उकरून काढायचा.
कागदाची पट्टी, स्केचपेनानं गिरवलेली आठ अक्षरं.
एकेक सुटं अक्षर त्यांच्या ओळखीचं,
एकत्र आली की परकी.
शिपाई स्टॅन्को फावडं आपटून म्हणाले,
"चार फूट लोखंड आहे खाली. बर्फातच पुरा."
झोपाळ्यामागच्या ढिगात पुरलं बुटांचं खोकं.

मार्चमध्ये अवेळी ऊन पडलं.
खोक्याचा कोपरा वर आला.
मधल्या सुट्टीत मी खिडकीतून पाहिलं :
मुलं ओळीनं चालली होती, ओंजळीत बर्फ,
कुंपणाच्या सावलीतून, टाकीच्या आडोशातून,
जिथं म्हणून उरला होता तिथून आणून
खोक्यावर थापत होती.
कुणी सांगितलं नव्हतं.
फिलोमिना मुकादम : "दाब. अजून दाब.
त्याची वेळ झालेली नाही."

माझ्या पर्समध्ये तेव्हा दवाखान्याचं एक पत्र होतं,
न फोडलेलं.
मीही ते रोज थोडं खाली दाबत होते,
रुमालाखाली, किल्ल्यांखाली.

ईस्टरनंतरच्या सोमवारी सुट्टी. मंगळवारी खोकं उघडलं.
लगदा. एक हिरवट डाग, एक तांबूस,
बाकी पाण्यानं नेलेलं.
तोवर सगळ्यांना वाचता येऊ लागलं होतं,
आणि वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.
ऑगीनं पट्टी जमिनीवर पसरली,
डागावर बोट ठेवलं, डावीकडून उजवीकडे नेलं
आणि वाचलं. मोठ्यानं. एकही चूक न करता.
मग सगळ्यांनी.

त्या संध्याकाळी मी पत्र फोडलं.
त्यात काय होतं ते इथं नको.

मेमध्ये मारियामातेला पिवळ्या रानफुलांचा मुकुट;
सरोवरावरच्या वाऱ्यानं तो दोनदा पळवला,
तिसऱ्यांदा आम्ही टाचण्या लावल्या.

जूनमध्ये खुंट्यांवरच्या नावांच्या पट्ट्या खरवडताना
खिडकीत पाकूची बरणी दिसली. झाकण नव्हतं.
वर छताच्या कोपऱ्यात जाळं.
स्टॅन्को केरसुणी घेऊन शिडीवर चढत होते.
म्हटलं, राहू द्या.
त्याला आशीर्वाद मिळालेला आहे.